कोकण किनाऱ्यावरचे प्राणी चालतात कसे, पोहतात कसे, जगतात कसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासवांच्या हंगामात आणि मे महिन्याच्या सुट्टीत फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि किनाऱ्यावर उभ्या उभ्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एक विनंती आहे: पहिला प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं भरती-ओहोटीतच दडलेली आहेत.

१. किनाऱ्यावर प्राणी बघायचे तर नेमकं किती वाजता जायचं?

ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की मागे या. ओहोटी कधी, हे काढायला मोबाईल लागत नाही, कालनिर्णय पुरे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

हे गणित मुंबई-रायगडला बऱ्यापैकी बसतं. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते, आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो. दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाचं पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची फारशी हालचाल नसते. खडकांवरचे प्राणी बघायचे तर उधाणाची ओहोटी गाठा. भांगाला जाऊन "काहीच दिसलं नाही" म्हणणारे दर हंगामात भेटतात.

२. ओहोटी लागल्यावर पाण्यातले प्राणी जातात कुठे?

बरेचसे कुठेच जात नाहीत. तिथेच असतात, फक्त दार लावून घेतात.

कालवं खडकाला कायमची चिकटलेली असतात. पाणी गेलं की शिंपला घट्ट मिटून आत थोडं पाणी धरून ठेवतात. शिनाणे स्वतःच तयार केलेल्या चिवट धाग्यांनी खडकाला बांधून घेतात आणि तेही शिंपला मिटतात. तिसऱ्या वाळूत राहतात. त्यांना एक मांसल पाय असतो. तो वाळूत खुपसायचा, टोक फुगवून रोवायचं आणि अंग खाली ओढून घ्यायचं, असं करत त्या खाली जातात. म्हणून तिसऱ्या काढणाऱ्या बायका वाळूवरची बारीक भोकं बघून हात घालतात.

खडकावर जे पांढरे, करकरीत, पाय सोलवटणारे सुळके असतात तो बार्नेकल. शिंपल्यात राहत असला तरी तो खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला आहे. पिल्लू असताना मोकळं पोहतो, मग डोकं खडकाला चिकटवतो आणि उरलेला जन्म पाय वर करून काढतो. भरती आली की झडप उघडून त्याच केसाळ पायांनी पाण्यातलं अन्न ओढून घेतो. ओहोटीच्या एखाद्या डबक्यात पाच मिनिटं हलू नका, हे पाय बाहेर-आत होताना स्पष्ट दिसतात.

३. खेकडा आडवाच का चालतो?

त्याच्या पायांचे सांधे ज्या बाजूला जास्त वाकतात ती बाजू आडवी आहे, म्हणून. शरीर रुंद, पाय दोन्ही कुशींना. पुढे चालायचं म्हटलं तर शेजारचे पाय एकमेकांत अडकतील. आडवं धावताना एका बाजूचे पाय ओढतात आणि दुसऱ्या बाजूचे ढकलतात, त्यामुळे वेग येतो. किनाऱ्यावरचा फिकट, वाळूच्या रंगाचा, डोळे उभे केलेला खेकडा धावताना नीट बघा. मध्येच तो गर्रकन वळतो आणि दुसरी बाजू पुढे करतो, धावणं मात्र थांबत नाही.

त्याला श्वासही घ्यावा लागतो, आणि कल्ले ओले असल्याशिवाय तो घेता येत नाही. यासाठी हा खेकडा ओल्या वाळूवर बसून पायांच्या मुळाशी असलेल्या केसांच्या झुपक्यांतून ओल वर ओढतो. दर वेळी लाटेत जाऊन भिजायची त्याला गरज नसते.

अपवाद आहेतच. खाडीतल्या चिंबोरीची शेवटची पायांची जोडी चपटी असते, ती पोहण्यासाठी. आणि सगळेच खेकडे जन्मभर आडवे चालत नाहीत. जरूर पडली तर बरेच जण सावकाश पुढे-मागेही सरकतात.

४. ओहोटीच्या वाळूवर रांगोळीसारख्या बारीक गोळ्या कोण टाकतं?

वाटाण्याहून लहान खेकडे. विष्ठा नाही ती, पुष्कळांना तसं वाटतं. हा खेकडा वरची ओली वाळू तोंडात घेतो, कणांवरचं शेवाळ आणि सेंद्रिय गाळ चाळून खातो आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. बिळापासून एका सरळ रेषेत बाहेर जायचं, परत यायचं, मग शेजारची रेषा धरायची, असं चालतं. त्यामुळे चाळलेली वाळू पुन्हा चाळावी लागत नाही आणि बिळाकडे पळायची वाट मोकळी राहते. नक्षी त्यातून आपोआप उमटते. भरती जवळ आली की तो बीळ वरून बंद करतो आणि आत कोंडलेल्या हवेत बसून राहतो. ही नक्षी अखंड बघायची असेल तर प्रश्न १ मधली वेळ पाळा आणि किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांच्या आधी पोहोचा.

५. खाडीच्या चिखलात एक नांगा भलामोठा असलेले खेकडे असतात. ते आपल्याला हात करतात का?

आपल्याला नाही, मादीला. मोठा नांगा फक्त नराला असतो. तो वर-खाली हलवून मादीला बिळाकडे बोलवायचं आणि शेजारच्या नराला दम द्यायचा, हे त्याचं काम. खायला तो बिनकामाचा. नर एकाच लहान नांग्याने चिखल खातो, मादी दोन्हींनी. मोठा नांगा तुटला तर पुन्हा येतो. काही जातींत नवा नांगा दिसायला तेवढाच पण हलका आणि कमी ताकदीचा असतो, आणि तरीही समोरचे बरेचसे नर त्याला घाबरतात.

६. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, हे खरं का?

आमच्याकडे या विषयावर भांडणं होतात, तरी सांगतो. कुर्ली भरलेली की पोकळ हे कात टाकण्यावर ठरतं. कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं तर जुनं टाकावं लागतं. कात टाकल्यावर कुर्ली भरपूर पाणी पिऊन फुगते आणि नवं कवच मोठ्या मापाचं घट्ट होतं. आत मांस मात्र जुन्याच मापाचं, बाकी पाणी. अशी कुर्ली शिजवली की हाती काही लागत नाही. पुढच्या काही आठवड्यांत ती खाऊन भरते. एकाच दिवशी एकाच खाडीत भरलेल्या आणि पोकळ अशा दोन्ही कुर्ल्या मिळतात, तेव्हा घेताना चंद्र बघण्यापेक्षा पोटाकडचं कवच दाबून बघा. टणक लागली तर भरलेली, दबली तर सोडा.

पोटाखालची झडप रुंद आणि गोल असेल तर मादी, अरुंद आणि त्रिकोणी असेल तर नर. झडपेखाली अंड्यांचा पुंजका बाहेर दिसत असेल तर ती मादी विकत घेऊ नका. मला विचाराल तर विकायलाही नको.

७. निवट्या नेमका मासा की बेडूक? पाण्याबाहेर मरत कसा नाही?

मासाच. कल्ले आहेत, पर आहेत, खवले आहेत. फरक इतकाच की कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी भरून घेतो आणि बाहेर येतो. शिवाय ओल्या कातडीतून, तोंडाच्या आणि घशाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू थेट रक्तात घेतो. अट एकच, अंग सुकता कामा नये. म्हणून तो मध्येच चिखलात कुशीवर लोळतो. डोळेही एकेक करून खाली खोबणीत ओढतो आणि ओले करून वर काढतो. पुलाच्या कठड्यावरून साध्या दुर्बिणीतून हे छान दिसतं.

चालताना छातीचे दोन्ही पर एकदम पुढे टाकायचे, त्यांवर भार द्यायचा आणि अंग पुढे ओढायचं. घाई असेल तर शेपूट एका बाजूला वाकवून झटका द्यायचा, की हातभर उडी. नर पाठीवरचा पर ताठ उभा करून उंच उड्या मारतात, ते माद्यांसाठी आणि हद्दीसाठी.

आपल्या खाड्यांत निवट्यांच्या एकाहून अधिक जाती आहेत आणि त्यांचं खाणं वेगळं आहे. बाजारात येणारी मोठी निवटी डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरचा शेवाळी थर खरवडून खाते. लहान जातीचे निवटे कांदळवनाच्या मुळांशी बारीक खेकडे आणि किडे पकडतात.

सगळ्यात कमाल त्यांच्या बिळाची. चिखलाच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि अंडी तर तिथेच घालायची. म्हणून बिळाच्या वरच्या वळणात हवेचा कप्पा ठेवलेला असतो. नर तोंडात हवा भरून आत नेतो आणि तिथे सोडतो, ओहोटीत हे काम सतत चालू. खाडीकाठी भराव टाकला की आधी ही बिळं जातात.

८. अंडी घालताना कासव रडतं का?

रडत नाही, मीठ बाहेर टाकतं. आपल्याकडे अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले कासव समुद्राचंच पाणी पितं आणि खारंच खातं. जास्तीचं मीठ डोळ्यांमागच्या ग्रंथींतून घट्ट, खूप खारट द्रव होऊन बाहेर पडतं. हे पाण्यातही चालूच असतं, पण तिथे दिसत नाही.

रडण्यापेक्षा बघण्यासारखं दुसरंच आहे. मादी वाळूवर चालताना पुढचा डावा आणि मागचा उजवा असे पाय आलटून-पालटून टाकते, म्हणून तिच्या मागात दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर येत नाहीत. हिरव्या कासवाचे येतात, कारण ते पुढचे दोन्ही पाय एकदम टाकतं. सकाळी फक्त माग दिसला तरी कोण आलं होतं ते यावरून ओळखतात. मग ती मागच्या पायांनी दीडेक फूट खोल खड्डा खणते. एक पाय वाळू उचलतो, तोवर दुसरा थांबतो. शंभरावर अंडी घालून झाली की वाळू लोटते आणि अंग डावी-उजवीकडे आपटून जमीन चोपते. शांत रात्री हा धपधप आवाज लांबून ऐकू येतो. त्या वेळी टॉर्च, फ्लॅश, गप्पा, काही नको. खणायच्या आधी बिचकली तर अंडी न घालताच परत जाते.

९. पिल्लं इतकी कष्टाने चालतात, तर उचलून पाण्यात सोडली तर बिघडलं काय?

बिघडतं. हा प्रश्न वेळासला, आंजर्ल्याला, गुहागरला, वायंगणीला प्रत्येक गर्दीत कुणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या कडेवर रडणारं मूल असतं.

पिल्लू वाळूतून बाहेर येतं तेव्हा त्याला समुद्र कुठे ते माहीत नसतं. क्षितिजाजवळचा जास्त उजेड कुठे आणि काळोख कुठे, एवढं ते बघतं. समुद्राकडची बाजू उजळ, सुरूच्या बनाकडची काळी, म्हणून ते उजेडाकडे चालतं. लाटांत शिरलं की लाटांना तोंड करून पोहतं. आणखी आत गेलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतं. आधीच्या टप्प्यात धरलेली दिशा पुढच्या टप्प्यात चुंबकीय जाणिवेला जोडली जाते, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. उचलून सोडलंत तर त्यातला एक टप्पाच गाळलात.

यातूनच रिसॉर्टच्या दिव्यांचा त्रास समजतो. मागे झगझगीत दिवा असेल तर पिल्लं उलटी फिरतात आणि सुरूच्या मुळांत, रस्त्यावर मरतात. हंगामात किनाऱ्याकडचे दिवे बंद ठेवणं हा गावाने करण्याजोगा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पिल्लांकडे सुरुवातीची शिदोरी अंड्यातल्या पिवळ्या बलकाची. पाण्यात शिरल्यावर साधारण दिवसभर ती न थांबता पोहतात, जेणेकरून किनाऱ्याजवळच्या मोठ्या माशांच्या टप्प्यातून लवकर बाहेर पडावं. म्हणून बाहेर आलेली पिल्लं फोटोसाठी टोपलीत तासन्‌तास ठेवणंही चूक. ताकद तिथेच संपते.

पिल्लं बहुधा रात्री, पहाटे किंवा सांजेला वर येतात, कारण वाळू थंड व्हायला लागली की ती हालचाल सुरू करतात. पाहुण्यांसाठी सकाळ-संध्याकाळची वेळ ठरवलेली असते ती यावरूनच.

१०. अंडी मूळ जागेवरून काढून कुंपणात का पुरतात? निसर्गात ढवळाढवळ नाही का ही?

आहे, पण कारण आहे. उघड्यावरची घरटी कुत्री, कोल्हे, रानडुकरं उकरतात, आणि पूर्वी माणसंही अंडी नेत असत. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये वेळासला ग्रामस्थांबरोबर काम सुरू केलं, त्यात कुंपणातल्या उबवणी केंद्राचा मोठा भाग होता. पुढे वन विभाग आणि कांदळवन कक्षही यात आले.

अंडी हलवायला नियम आहेत. घातल्यापासून काही तासांच्या आत हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. खोली मूळ खड्ड्याएवढीच ठेवायची. आणि तापमान जपायचं, कारण पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून थंड असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. मार्चमधल्या घरट्यांवर सावली करतात ती त्यासाठी. उबवायला ४५ ते ६० दिवस लागतात. थंडीत जास्त, उन्हाळ्याकडे कमी.

११. इथून गेलेली कासवं पुढे जातात कुठे?

पिल्लांच्या मागे जाणं अवघड आहे, मोठ्या माद्यांच्या मागे गेलेलं आहे. २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री ही त्यांची नावं. २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोघींना बसवली, बागेश्री आणि गुहा. बागेश्री किनाऱ्याने दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोहोचली.

तोवर सर्वसाधारण समज असा होता की पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी. पुढे जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी सापडली. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. अंतर अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर. म्हणजे किनारे कासवांनी वाटून घेतलेले नाहीत, निदान सगळ्यांनी तरी नाहीत.

१२. डॉल्फिन आणि मासा लांबून ओळखायचा कसा? आणि तो बोटीशी खेळतो का?

शेपूट बघा. माशाची उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची आडवी आणि वर-खाली. डॉल्फिन सस्तन आहे. जमिनीवर चौखूर धावणाऱ्या प्राण्यांचा कणा जसा वर-खाली वाकतो, तीच चाल त्याने पाण्यात नेली. श्वासासाठी डोक्यावरचं नाकाचं भोक पाण्याबाहेर काढावं लागतं, म्हणून ती ठरावीक वेळाने दिसणारी पाठ.

दापोलीपासून देवबागपर्यंत किनाऱ्यालगत दिसतात ते बहुधा पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन. उथळ पाणी सोडून ते सहसा लांब जात नाहीत, आणि बोटीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर, पोहण्याची हौस त्यांना फारशी नसते. "खेळतोय" म्हणून दाखवतात तेव्हा बऱ्याचदा तो वाट काढत असतो. गढूळ पाण्यात तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर मासे शोधतो. चार बोटींची इंजिनं भोवती फिरली की ते काम अवघड होतं. चांगला बोटवाला इंजिन मंद करून थांबतो. त्यालाच पैसे द्या.

पाठीवर पर नसलेला, काळसर, लाजाळू प्राणी दिसला तर तो पॉरपॉईज, डॉल्फिनचा चुलतभाऊ.

१३. माकूल उलटं का पोहतं? आणि किनाऱ्यावर मिळणारा समुद्रफेन कशाचा?

अंगाच्या पोकळीत पाणी घ्यायचं आणि डोक्याखालच्या नळीतून जोरात सोडायचं, की अंग विरुद्ध दिशेला सुटतं. नळी पुढे असली की माकूल मागे जातं. ती वळवता येते, त्यामुळे पुढेही जाता येतं. सावकाश फिरताना कडेचे पातळ पर लाटेसारखे हलवून काम भागतं.

समुद्रफेन फेसाचा नाही. तो माकुलाच्या अंगातला आधार आहे. तोडून बघा, आत अतिशय पातळ पापुद्र्यांचे थरांवर थर दिसतील. या कप्प्यांत वायू आणि द्रव कमी-जास्त करून माकूल पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतं. मेल्यावर मांस कुजतं आणि हलका समुद्रफेन किनाऱ्याला लागतो. नळ माकुलात याच्या जागी पारदर्शक पातळ काडी असते, साफ करताना हाताला लागते तीच.

१४. लेप माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे?

जन्मतः नसतात. पिल्लू बाकी माशांसारखं सरळ पोहतं आणि दोन्हीकडे एकेक डोळा असतो. वाढताना एक डोळा कवटीवरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा कुशीवर झोपायला लागतो. आपल्या लेपीत दोन्ही डोळे डाव्या बाजूला येतात. वरची बाजू तळाच्या रंगाची, खालची पांढरी. पोहणं कडेच्या परांच्या लहरींनी.

१५. हर्णैच्या वाळूवर सगळे कुरव (सीगल पक्षी) एकाच दिशेला तोंड करून का बसतात?

वाऱ्याकडे तोंड. पाठीमागून वारा आला तर पिसं उलटी होतात, आणि समोरून असेल तर पंख पसरताच उचललं जाता येतं. वारा बदलला की थवाही वळतो. एका पायावर उभं राहणं हे उष्णता वाचवण्यासाठी, पिसं नसलेल्या पायातून ती जाते. दुपारी कोकणच्या उन्हात मात्र तेच कुरव चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसतील. हे थंडीतले पाहुणे, मार्च-एप्रिलपर्यंत परततात. पोरांना थव्यातून पळायला सोडू नका. लांबच्या उड्डाणासाठी साठवलेली चरबी त्यात जळते.

१६. पहिल्या पावसात मासे नदीतून उलटे वर का चढतात?

चढणीचे मासे, कुठे वलगणीचे म्हणतात. पहिला मोठा पाऊस झाला की ओढे भरतात, शेतात पाणी साचतं आणि पाण्याचा वास, गारवा, वेग सगळं एकदम बदलतं. पोटात अंडी तयार असलेल्या माशांना एवढी खूण पुरते. शेतातलं उथळ, कोमट, किड्यांनी भरलेलं पाणी पिल्लांना वाढायला चांगलं, आणि तिथे मोठे शिकारी मासे कमी.

कुशीवरच्या रेषेतल्या संवेदी पेशींना प्रवाह कळतो, मासा त्याला तोंड करून पोहतो. धबधब्याच्या पायरीवर तो सलग चढत नाही. दगडामागच्या संथ पाण्यात थांबतो, जोर एकवटतो आणि एकदम पुढच्या दगडामागे जातो. मरळीला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ती ओल्या गवतावरून वळवळत एका खाचरातून दुसऱ्यात जाते.

त्या रात्री बांबूचे सापळे लावून आणि काठ्या घेऊन मासे मारायला अख्खा गाव बाहेर पडतो. मजा असते, नाही म्हणत नाही. पण पकडलेला जवळजवळ प्रत्येक मासा गाबोळीचा असतो. ओढ्याची सगळी रुंदी अडवू नये, एवढं तरी पाळता येईल.

याला उलटा अपवाद अहिराचा, म्हणजे सापासारख्या लांब माशाचा. तो नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो.

१७. वाशिष्ठीतल्या मगरी खाऱ्या पाण्यात कशा राहतात? त्या खाऱ्या पाण्यातल्याच जातीच्या का?

नाही. खाऱ्या पाण्याची मोठी मगर आपल्या किनाऱ्यावर नाही. चिपळूणपासून खाली मालदोलीकडे दिसतात त्या गोड्या पाण्याच्या मगरी, गावात सुसर म्हणतात. जिभेवरच्या ग्रंथींतून थोडं मीठ बाहेर टाकता येत असल्याने मचूळ पाणी त्यांना चालतं, पण गोड्या पाण्याचा आधार लागतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर त्या ऊन खायला येतात, थंडीच्या सकाळी हमखास. जबडा उघडा ठेवून पडली असेल तर ती अंग थंड करते आहे, हल्ल्याची तयारी नव्हे. पोहताना सगळा जोर शेपटीचा, पाय अंगाला चिकटवलेले. जमिनीवर मात्र पोट उचलून चांगली चालते, म्हणून काठावर कपडे धुताना अंतर ठेवा.

१८. पाकोळ्या गुहेच्या अंधारात भिंतीला आपटत कशा नाहीत? वटवाघळांसारखं काही असतं का?

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरच्या गुहेत भारतीय पाकोळ्या या लहान पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. त्या टकटक असे आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतात. तंत्र लहान वटवाघळांचंच, पण वटवाघळांचे आवाज आपल्या कानापलीकडचे, पाकोळीचे आपल्याला ऐकू येतात. बाहेर उजेडात ती डोळ्यांवरच किडे पकडते. पाय इतके आखूड की तिला फांदीवर बसता येत नाही, फक्त भिंतीला लटकता येतं. गंमत म्हणजे वडा-पिंपळावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं प्रतिध्वनी वापरत नाहीत, डोळे आणि नाक यांवर चालतात.

१९. पावसाळ्यात साप आणि निळे फुगे किनाऱ्याला लागतात. हात लावला तर चालेल?

दोन्हींना नको.

समुद्री सापाची शेपूट चपटी, उभी. पोटाखाली जमिनीच्या सापासारखे रुंद खवले बहुतेकांना नसतात, त्यामुळे वाळूवर तो नुसता वळवळतो आणि मेल्यासारखा वाटतो. मेलेला नसतो. विष जहाल आहे, आणि आपल्याकडची नेहमीची सर्पविषरोधक लस जमिनीवरच्या चार विषारी सापांसाठी बनवलेली आहे. चावल्यास मंत्र-तंत्र नको, थेट मोठं रुग्णालय.

निळा फुगा म्हणजे ब्लू बॉटल. तो एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत आहे. फुगा वाऱ्यावर चालतो, स्वतः पोहत नाही, म्हणून पावसाळी वाऱ्यात किनाऱ्यावर खच पडतो. सुकलेल्या दोऱ्याही डंख मारतात. लागलंच तर समुद्राच्या पाण्याने धुवा, चोळू नका, दोरे काडीने काढा. भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात धरल्याने वेदना कमी होतात. श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे.

२०. किनाऱ्याला लागलेलं किंवा जाळ्यातलं कासव लगेच समुद्रात ढकललं तर त्याचा जीव वाचेल ना?

बहुतेक वेळा उलटं होतं. स्वतःहून किनाऱ्याला लागलेलं कासव अंडी घालायला आलेलं नसेल, तर ते आजारी, जखमी किंवा बुडी मारता न येणारं असतं. ढकललं की तरंगत पुन्हा पुढच्या गावाला लागतं. जुन्या जाळ्यात अडकून पुढचा एखादा पाय गेलेली कासवं उपचारानंतर पोहू शकतात, पण आधी उपचार हवेत.

जाळ्यात निपचित आलेलं कासव मेलंच असं समजू नका. ते फुप्फुसांनी श्वास घेतं, पाण्याखाली अडकल्याने गुदमरून बेशुद्ध पडलेलं असू शकतं. पालथं, म्हणजे पोटावरच ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरेल. सावलीत ठेवून अंगावर ओलं फडकं टाका, नाक-तोंड झाकू नका, पाण्याच्या टबात घालू नका. शुद्धीवर यायला कित्येक तास लागतात, एक दिवससुद्धा. सोडताना इंजिन बंद, पाण्याजवळून.

संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं तर राज्य सरकारच्या योजनेत २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी कापण्याआधीचे आणि सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, तेव्हा एकाने मोबाईल हातात धरावा. किनाऱ्यावर सापडलं असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर गावाचं नाव, किनाऱ्यावरची जवळची खूण, कासव हलतंय की नाही आणि जखम कुठे आहे एवढं सांगा, आणि गाडी येईपर्यंत कुत्री लांब ठेवा.